कातडं खाणारं पाणी

हुमैद बिन रशूद गावचा पाटकरी होता तोवर मुखैदिरात त्याला कुणी उलटून बोललं नाही. डोंगराच्या पोटातून आलेलं गोडं पाणी कुणाच्या खजुरांना किती वेळ जायचं, हे तो मशिदीमागच्या काठीच्या सावलीवरून ठरवायचा. सावली सगळ्यांनाच दिसे, पण ती कुठवर आली हे सांगायचं हुमैदनं. ज्याच्यावरची त्याची मर्जी फिरली, त्याची पाळी नेमकी ढगाळ दिवशी वेळेआधीच संपायची. तो माणूस घरी जाऊन बायकोवर डाफरायचा आणि दुसऱ्या दिवशी निवडक खजुरांचं ताट घेऊन हुमैदच्या दारात उभा राहायचा.

पुढे गावात घड्याळावर पाळ्या लागू झाल्या आणि काठीचं काम संपलं. हुमैदची बायको आधीच गेली होती. मुलगा खल्फान मस्कतच्या बंदरात नोकरीला लागला आणि तिकडचाच झाला. घरात उरली थोरली मुलगी, झुवैना. पण लोक हुमैदला म्हणायचे अबू खल्फान, म्हणजे खल्फानचा बाप. झुवैनाचा बाप असं त्याला कुणी म्हणत नसे. तोही तिला नावानं हाक मारत नसे. "अगे ए" एवढ्यात त्याचं भागायचं.

झुवैनाला एकदा मागणी आली होती. डोंगरापलीकडच्या गावचा शाळामास्तर, यह्या नावाचा, मामाला घेऊन आला होता. बैठकीत गावची जाणती माणसं जमली. कहवा झाला, हलवा झाला. मग हुमैदनं पडद्याकडे तोंड करून हाक दिली, "अगे ए, पाहुण्यांना पाणी आण. बाहेरच्या नव्या सुरईतलं आण."

झुवैनानं सुरईतून पितळी वाडगा भरला आणि पडद्याखालून आत सरकवला. सकाळी बापानं अल-मुर्राचं पाणी आणवून त्या सुरईत भरून ठेवलंय, हे तिला ठाऊक नव्हतं. अल-मुर्रा म्हणजे कडवी. गावाच्या वर, खजुरांची बाग संपून काळा डोंगर सुरू होतो तिथे फटीतून एक झरा येतो, त्याचं हे नाव. त्याचं पाणी आभाळासारखं निळं दिसतं आणि तळ चुन्यासारखा पांढरा. शेळ्या हुंगतात आणि मागे फिरतात.

मास्तर भिडस्त माणूस. पहिल्या घोटालाच त्याचं तोंड वाकडं झालं, पण इतक्या लोकांसमोर वाडगा खाली कसा ठेवायचा? तो डोळे मिटून सगळं प्यायला. मग उठून दाराकडे धावला, पण दारापर्यंत पोचला नाही. गालिच्यावरच ओकला.

बैठक हसून लोटपोट झाली. हुमैद एकटा हसला नाही. मिशीवरून बोट फिरवत म्हणाला, "आमच्या गावचं पाणी झेपेना, आणि निघाले आमची पोरगी न्यायला!"

मामा भाच्याला धरून उठवून घेऊन गेला. पडद्याआड झुवैना रिकामा वाडगा हुंगत उभी होती. ती गोष्ट आसपासच्या गावांत पोचली आणि नंतर कुणी विचारायला आलं नाही. हुमैदला तेच हवं होतं. त्याची भाकरी कोण भाजणार, त्याचे पायघोळ दिशदाशे कोण धुणार?

अशी वर्षं गेली. मग मस्कतहून शास्त्रज्ञ मंडळी आली.

दोन गाड्या भरून पेट्या, नळ्या, बाटल्या आल्या. त्यांतले काही परदेशी होते, पण म्होरकी बाई आपल्याकडचीच, बद्रिया, विद्यापीठात शिकवणारी, म्हणून गावात डॉक्टरबाई. मुखैदिरात सगळ्यांना हसू फुटलं. शेळी पिणार नाही ते पाणी न्यायला ही माणसं इतक्या लांबून आली! हुमैदचा पुतण्या शबीब म्हणाला, "काका, यांना सांगा, आमच्या विहिरीतला गाळही न्या म्हणावं. फुकट देतो."

गावच्या शेखनं सांगितलं म्हणून त्यांचं दुपारचं जेवण हुमैदच्या घरून जाऊ लागलं. झुवैना भाताचं मोठं ताट डोक्यावर घेऊन झऱ्यावर जायची आणि ताट रिकामं होईतो तिथेच बसायची. तिला ते काम बघायला आवडे. एकदा बद्रियाबरोबरचा पोरगा बाटली भरताना पुन्हा पुन्हा चुकत होता. बाटलीत हवेचा बुडबुडा राहून चालत नव्हतं. झुवैनानं न विचारता बाही वर केली, बाटली पाण्याखाली आडवी धरली आणि आतल्या आत टोपण लावलं.

बद्रियानं बाटली उलटी करून पाहिली. "कुठे शिकलीस?"

"लोणच्याच्या बरण्या भरते की मी."

बद्रिया मोठ्यानं हसली. तिला तसं कुणीतरी हवंच होतं. ती मस्कतला असताना आठवड्याला झऱ्यावर जायचं, बाटल्या भरायच्या, यंत्रावरचा आकडा टिपायचा. शेखचा शब्द होता, त्यामुळे हुमैद गप्प बसला. झुवैना आपल्या कामासाठी म्हणून घराबाहेर पडली ती आयुष्यात पहिल्यांदा.

बद्रिया आली की दोघी डबक्याच्या काठाला बसत. साचलेल्या पाण्यावर दुधावर धरावी तशी पांढरी साय धरलेली असायची. बोट लावलं की तिचा पापुद्रा कुरकुरत मोडायचा.

"ही साय म्हणजे दगड आहे, बरं का," बद्रिया सांगायची. "हा सगळा काळा डोंगर एके काळी समुद्राच्या तळाच्याही खाली होता. पृथ्वीच्या पोटातला दगड हा. त्याला हवेची सवय नाही. पावसाचं पाणी आत उतरलं की त्यातला सगळा वायू तो शोषून घेतो. मग हे असं खाराचं, आसुसलेलं पाणी बाहेर येतं, आणि हवा लागली रे लागली की हवेतला वायू पकडून त्याचा दगड करतं."

"म्हणजे उपाशी डोंगर आहे."

"अगदी! म्हणून तर आलोय आम्ही. कारखान्यांच्या धुराड्यातून जो वायू निघतो ना, जगाला तापवणारा, तो पाण्यात कालवून या डोंगराला पाजायचा. तो त्याचा दगड करून टाकेल. कायमचा." बद्रियानं बाटली उन्हात धरली. "आणि खाली, या दगडाच्या फटींत, बारीक जीव आहेत. ऊन नाही, वारा नाही, खायला काही नाही. दगडातून सुटणाऱ्या वायूवर जगतात. मंगळावर कुणी जगत असेल तर असंच जगत असेल म्हणतात."

"त्यांना म्हणावं, एकदा आमच्या घरी राहून बघा," झुवैना म्हणाली. दोघी पोट धरून हसल्या.

एक दिवस हातमोजे न घालता तिनं खूप वेळ काम केलं. बोटं एकमेकांवर घासली तर बुळबुळीत लागायला लागली.

"पाणी बुळबुळीत आहे," ती म्हणाली.

"पाणी नाही, तू," बद्रिया म्हणाली. "साबण कसा करतात? चरबी आणि खार. खार याचा, चरबी तुझ्या कातड्याची. घटकाभरानं काही होत नाही. पण तासन्‌तास राहिलीस, किंवा जखम असली, तर हे आत आत खात जातं. ओल्या सिमेंटसारखं. आणि सुरुवातीला मेलं दुखतसुद्धा नाही. घाल बघू मोजे."

झुवैनानं मोजे घातले. रात्रभर तिच्या बोटांच्या टोकांचे पापुद्रे निघत होते.

त्या हिवाळ्यात बैठकीत कुणीतरी गंमत केली. हुमैद आत शिरताना एक म्हातारा ओरडला, "या, या, अबू झुवैना! काय म्हणतात तुमचे मस्कतवाले?" सगळे हसले. बोलणाऱ्याच्या मनात वाकडं काही नव्हतं. उलट त्याला वाटलं, लेकीचं नाव झालं म्हणून हुमैद सुखावेल. हुमैदनं कहव्याचा पेला न पिताच खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो काठी टेकत बद्रियाच्या मुक्कामी गेला. बरोबर आपल्या बागेतले खजूर नेले. मांडी घालून बसला, सगळ्यांची विचारपूस केली, मस्कतच्या हवेची चौकशी केली. झुवैना मागच्या खोलीत बाटल्या पुसत होती. तिला एक एक शब्द ऐकू येत होता.

"लेकी," तो बद्रियाला म्हणाला. आपल्या मुलीला तो असं कधी म्हणाला नव्हता. "तू माझ्या पोरीला जीव लावलास. म्हणून तुला सांगतो, बाहेर कुणाला बोललो नाही. तिला फिट येतात. लहानपणापासून. बाईमाणूस आहे म्हणून झाकून ठेवलं. आता ती एकटी पाण्यावर जाते आणि मी घरी काळजीनं अर्धा होतो. उद्या ती त्या डबक्यात तोंडावर पडली, तर तुमच्यावर बोल येईल की नाही?"

त्याच्या डोळ्यांत खरोखरीचं पाणी होतं.

तो गेल्यावर झुवैना बाहेर आली. "खोटं आहे, डॉक्टरबाई. सगळं खोटं आहे. मला कधी साधी चक्कर आली नाही."

बद्रियानं तिचे हात हातात घेतले. "मला पटतंय गं. पण वडील आहेत ते तुझे. मी इथे परकी. उद्या काही झालं तर मला विचारतील, बाप स्वतः येऊन सांगून गेला होता, तरी का ठेवलंस?" तिनं मान खाली घातली. "थोडे दिवस जाऊ देत. मी बघते काहीतरी."

काम शबीबकडे गेलं. फिटची गोष्ट बाहेर कुणाला बोललो नाही असं हुमैद म्हणाला होता, ती आठवड्याच्या आत त्यानंच गावभर केली. नव्या बाळंतिणीच्या घरी झुवैना भेटायला गेली, तेव्हा बाळाच्या आजीनं तान्हं मूल तिच्या मांडीवरून हलक्या हातानं उचलून घेतलं. "तुझ्या जिवाला त्रास नको, म्हणून," ती म्हणाली. झुवैना चहा पिऊन घरी आली. त्यानंतर ती कुणाकडे गेली नाही.

हुमैदच्या अंगात साखर मुरली होतीच. हळूहळू त्याच्या पायांतली जाणीव गेली. चप्पल पायातून निसटली तरी त्याला कळेना. एकदा निखारा टाचेखाली आला आणि वास आला तेव्हा त्यानं खाली बघितलं. टाचेची ती जखम चिघळली. दवाखान्यातल्या नर्सनं झुवैनाला पट्टी कशी बांधायची ते दाखवलं. कोरडं ठेवा, स्वच्छ ठेवा, जमिनीला पाय टेकू देऊ नका. झुवैना रोज पट्टी बदलायची. जखम भरत नव्हती, पण वाढतही नव्हती. हुमैदला वास सहन होत नव्हता. बैठकीत लोक त्याच्यापासून जरा लांब सरकून बसतात, हे त्याच्या लक्षात आलं होतं.

शेजारच्या खोऱ्यातून आलेला एक पाहुणा बोलता बोलता म्हणाला, "अबू खल्फान, तुमच्या उशाशी औषध आहे आणि तुम्ही पट्ट्या कसल्या बांधताय? माझ्या चुलत्याचं खरूज अल-मुर्रानं गेलं. कसली घाण असो, धुऊन काढते ती."

हुमैदला हे एकदम पटलं. "मस्कतवाले बाटल्या भरभरून नेतात ते उगीच का? त्यातून औषधंच करत असणार, आपल्याला सांगत नाहीत एवढंच." त्यानं आत हाक दिली. "अगे ए! उद्यापासून मला झऱ्यावर न्यायचं. शबीब गाडी आणेल."

झुवैना कहव्याची किटली घेऊन दारात उभी होती. बैठकीत चार-पाच माणसं होती, शबीबही होता. ती म्हणाली, "बाबा, नको. ते पाणी कातडं खातं. जखमेवर तर नकोच नको. डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं मला."

"कुणी?"

"बद्रियाबाईंनी."

हुमैदनं पाहुण्यांकडे बघितलं. "बघा. फिट आली की ही अशी बोलते." लोक हसले. शबीब सगळ्यांत जास्त हसला. हुमैद तिला म्हणाला, "अगं, ज्याच्या बाटल्या भरायचं कामसुद्धा तुझ्याकडे राहिलं नाही, त्याबद्दल तू मला शिकवणार? सकाळी तयार राहा."

झुवैनानं सगळ्यांचे पेले भरले. शेवटचा भरून झाल्यावर म्हणाली, "बरं."

पहिल्या सकाळी शबीबनं दोघांना वाट संपते तिथे उतरवलं आणि तो निघून गेला. झुवैनानं बापाला खांद्याचा आधार देत काठापर्यंत नेलं, सपाट दगडावर बसवलं, पट्टी सोडली आणि दोन्ही पाय पाण्यात ठेवले. थोडा वेळ गेल्यावर तिचं तिलाच राहवेना. तिनं वाकून त्याचा पाय बाहेर घेतला. हुमैदची काठी तिच्या मनगटावर बसली.

"मी सांगितलं का?"

"बाबा, पुरे झालं असं वाटलं."

"तुला वाटतंय कशाला? मी सांगेन तेव्हा काढायचा."

तिनं पाय परत पाण्यात ठेवला. मग मनगट चोळत बाभळीच्या सावलीत जाऊन बसली. एरवी ती तिथून उठून पुन्हा गेली असती, पुन्हा बोलली असती, पुन्हा मार खाल्ला असता. आयुष्यभर ती तेच करत आली होती. त्या दिवशी ती उठली नाही. का, ते तिला सांगता आलं नसतं. एवढंच की तिच्या आत काहीतरी गार झालं होतं आणि ते गार वाटणं तिला बरं वाटत होतं.

वारा नव्हता. पाणी निवांत होतं. हुमैद भिंतीला टेकावं तसा कातळाला टेकून पेंगत होता. त्याच्या नडग्यांभोवती पाण्यावर बारीक पांढरी साय धरू लागली. आधी कडा, मग हळूहळू मध्ये. झुवैना ती बघत बसली. ऊन त्याच्या तोंडावर आलं तेव्हा तो जागा झाला आणि म्हणाला, "काढ आता." तिनं सायीचा पापुद्रा मोडला आणि पाय काढले.

रोज हेच. घरी आल्यावर ती पाय पुसायची, पट्टी बांधायची, जेवू घालायची. तिच्या कामात कुठेही कसूर नव्हती. थोड्याच दिवसांत जखमेचा वास गेला. मांस पांढरं, धुतल्यासारखं दिसायला लागलं. हुमैद बैठकीत पट्टी सोडून सगळ्यांना दाखवू लागला.

"बघा, आहे का घाण? आणि ही म्हणत होती, पाणी कातडं खातं."

"अल्लाची कृपा," लोक म्हणाले.

"कृपा आहेच. पण डोकं माझं," हुमैद म्हणाला आणि झुवैनाकडे बघून विचारलं, "काय गं? आता काय म्हणते तुझी डॉक्टरबाई?"

"तुम्हीच बरोबर होता, बाबा," झुवैना म्हणाली.

ती पट्टी बांधताना पांढऱ्या मांसावर बोट दाबायची. बोट साबणात रुतावं तसं रुतायचं. तिला ते दिसत होतं. बोलायची वेळही होती. तिला वाटायचं, त्यानं एकदा, फक्त एकदा विचारावं, झुवैना, तुला काय वाटतं? मग मी सांगेन. तसं ती स्वतःशी म्हणायची. पण त्यानं विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं का, याची तिला खात्री नव्हती.

एका सकाळी पट्टीबरोबर टाचेचं कातडं मोज्यासारखं निघून आलं. आत काळं होतं. संध्याकाळपर्यंत हुमैदला हुडहुडी भरली. शबीब गाडी घेऊन आला आणि त्यांनी त्याला शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नेलं.

उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. डाव्याची बोटं गेली. खल्फान मस्कतहून धावत आला. कापणाऱ्या डॉक्टरनं विचारलं, "यांनी पाय कशात बुडवला होता? चुन्याच्या निवळीत?" शबीबनं झऱ्याचं सांगितलं. डॉक्टरनं कपाळाला हात लावला.

हुमैद शुद्धीवर आला. चादरीखाली जिथे पाय असायला हवा तिथे सपाट होतं. त्यानं बराच वेळ तिकडे बघितलं. मग मान वळवून कोपऱ्यात उभ्या असलेल्या झुवैनाकडे बघितलं. ती खाली बघत नव्हती. त्याला काय समजायचं ते समजलं.

"हिनं केलं," तो म्हणाला.

"काय बोलताय, बाबा?" खल्फान म्हणाला.

"हिला माहीत होतं. हिनं मला बसू दिलं. हिला सगळं माहीत होतं."

"बाबा, शबीबनं मला सांगितलंय. सगळ्यांसमोर तिनं नको म्हटलं होतं, तुम्ही तिला हसलात."

"हो, काका," शबीब चाचरत म्हणाला. "मी होतो की तिथे."

"नंतर! नंतर तिनं तोंड मिटलं. पट्टी बांधताना रोज बघत होती ती. कळत होतं तिला!"

खल्फान थकलेला होता, रात्रभर गाडी चालवून आला होता. त्याचा आवाज चढला. "तिला काय कळणार? तिला हल्ली फिट येतात, ती भोळी आहे, असं फोनवर तुम्हीच मला सांगायचात ना? सगळ्या गावाला सांगितलंत. आता म्हणताय तिला सगळं कळतं. एक काय ते ठरवा!"

हुमैदनं मुलाकडे बघितलं, मग छताकडे. फिटचं ते खोटं होतं, असं त्यानं म्हणायला हवं होतं. नर्स आत आली आणि झुवैनाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "मनाला लावून घेऊ नका. दुखण्यात माणसं वाट्टेल ते बोलतात. नशीबवान आहेत, तुमच्यासारखी मुलगी आहे."

झुवैनाला वाटलं होतं, अशा वेळी काहीतरी जाणवेल. आनंद होईल, नाहीतर भीती वाटेल. तिला फक्त भूक लागली. ती खाली गेली आणि बिर्याणीची पूर्ण थाळी चाटूनपुसून खाल्ली. मग हात धुवायच्या नळाशी ती एकाएकी रडायला लागली. बापासाठी नाही. तो पितळी वाडगा तिनं आपल्या हातानं भरला होता, हे तिला आठवलं म्हणून.

खल्फान रजा संपल्यावर निघाला. निघताना म्हणाला, "तू आहेस म्हणून मला काळजी नाही. आता त्यांना क्षणभरही एकटं सोडू नकोस." त्यानं तिच्याकडून होकार घेतला नाही. तो गृहीत होता.

बद्रिया त्यानंतर लवकरच परत आली, आणि चांगलीच तापून आली. शबीबनं इतके दिवस झऱ्यावर पाऊलच टाकलं नव्हतं. घरामागच्या पाटात बाटल्या बुडवायचा आणि आकडे मनचे टाकायचा. मस्कतला सगळं गोडं पाणी पोचलं होतं. शबीबनं वर सांगितलं, "मला वाटलं, पाणी ते पाणी." बोलता बोलता झुवैनाच्या फिटची गोष्टही काकांनी कशी रचली होती, ते त्यानं आपल्यावरचा राग दुसरीकडे वळावा म्हणून सांगून टाकलं.

बद्रिया थेट झुवैनाकडे आली. "मी चुकले गं. चल माझ्याबरोबर. पलीकडच्या खोऱ्यात मोठी विंधणविहीर घेतोय, तो वायू दगडाला पाजायला. मस्कतला राहायची सोय करते, शिकवते, प्रयोगशाळेत घेते. चल."

आतून हुमैदच्या खोकल्याचा आवाज आला. झुवैना तिकडे बघत म्हणाली, "यांना कुठे ठेवू?"

बद्रियानं दारातून आत डोकावून बघितलं. बाजेवर म्हातारा होता. एका बाजूला चादर सपाट होती. "काय झालं?"

झुवैनानं सांगितलं. काही लपवलं नाही, काही वाढवलंही नाही.

"पण मी तुला सांगितलं होतं," बद्रिया हळू म्हणाली. "साबणाचं."

"मीही त्यांना सांगितलं होतं."

"आणि मग?"

"त्यांनी ऐकलं नाही."

"किती दिवस नेत होतीस?"

झुवैना बापासाठी पाण्याचा पेला भरायला वळली. बद्रियानं आपली पिशवी खांद्यावर नीट केली. तिला पुष्कळ काही विचारायचं होतं, असं तिच्या तोंडावर दिसत होतं, पण तिनं विचारलं नाही. झऱ्याचं इथलं काम तुझंच, एवढं म्हणाली आणि निघाली. त्यानंतर ती आली की आकडे बघायची, बाटल्या मोजून घ्यायची, आणि "बरं आहे ना?" म्हणून गाडीत बसायची. डबक्याच्या काठाला त्या दोघी परत कधी बसल्या नाहीत. झुवैनाला बापाचा पाय कापल्याचं जेवढं लागलं नव्हतं तेवढं हे लागलं.

एकट्याला घरी ठेवायचं नाही, म्हणून कामाला जाताना ती बापाला बरोबर नेऊ लागली. शबीब त्याला उचलून गाडीत ठेवायचा, चाकाची खुर्ची मागे टाकायचा. हुमैद दार घट्ट धरून ठेवायचा.

"मला घरी ठेव. बांधून ठेव हवं तर. तिथे नको."

"असं काय करता, बाबा," झुवैना त्याची बोटं एक एक करून सोडवत म्हणायची. "मागे पडलात बिडलात तर खल्फान मला काय म्हणेल?"

"किती माया आहे बघा हिची," शबीबची बायको दारातून म्हणायची.

झऱ्यावर ती खुर्ची बाभळीखाली लावायची, तोंड पाण्याकडे करून. हुमैद डोळे मिटायचा. पण पाण्याचा आवाज येतच असे. एक दिवस त्यानं डोळे न उघडताच विचारलं, "झुवैना, तुला काय हवंय?"

त्यानं तिला नावानं हाक मारली होती. ती बाटल्यांची पेटी उचलता उचलता थांबली. तिनं विचार केला. खरोखर विचार केला. एके काळी या प्रश्नाला तिच्याजवळ पुष्कळ उत्तरं होती.

"काही नाही, बाबा," ती म्हणाली, आणि खाली उतरली.

हुमैद पुढे बरीच वर्षं जगला. त्याच्या पाठीला एक फोड आला नाही, नखं वाढली नाहीत, औषध चुकलं नाही. गावात येणारी नर्स म्हणायची, अशी निगा मी मस्कतलाही पाहिली नाही. त्याला मरू द्यायची झुवैनाला मुळीच घाई नव्हती. मुखैदिरातल्या बायका आपल्या सासरी निघालेल्या पोरींना तिचं उदाहरण देत. आणि दर आठवड्याला, सकाळची उन्हं डोंगरावर आली की शबीबची गाडी दारात उभी राहायची आणि गल्लीतल्या लोकांना हुमैदचं ओरडणं ऐकू यायचं. म्हातारा आता पुरता चळला, असं म्हणून ते आपापल्या कामाला लागायचे.